घरसामान हलवण्याच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी: उचलण्याआधी काय ठरवावे

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात घरसामान हलवण्याच्या कामावर नव्याने येणारी मुले बहुधा दोन वाटांनी येतात. काही जण मार्केट यार्डात हळदीची आणि गुळाची हमाली करून आलेले असतात, तर काही गावाकडून थेट टेम्पोवर क्लीनर म्हणून लागलेले असतात. पहिल्यांना ओझ्याची सवय असते, पण पोत्याचे वजन ठरलेले असते आणि पोते पाठीला बिलगून बसते. घरातल्या सामानाचे तसे नसते. प्रत्येक नग निराळा असतो, अनेकांना धरायला जागा नसते, वजन एका बाजूला झुकलेले असते आणि बाहेर काढायची वाट त्या नगासाठी कधीच बांधलेली नसते. या कामात जखमी झालेल्यांकडे पाहिले तर ताकद कमी पडली म्हणून पडलेला माणूस क्वचितच सापडतो. काय उचलायचे, कोणी, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शब्दावर, हे आधी न ठरवताच हात घातला म्हणून लचकलेले मात्र पुष्कळ सापडतात. म्हणून या लेखात उचलण्यापेक्षा उचलण्याआधीच्या कामावर अधिक भर दिला आहे.

पहिली पायरी: रिकाम्या हाताने फेरी

गाडी दारात लागली की लगेच खोके उचलण्याचा मोह होतो, कारण मुकादम आणि घरमालक दोघेही घड्याळाकडे पाहत असतात. तरीही टोळीतील सर्वांनी एकदा घराच्या सर्वांत आतल्या खोलीपासून गाडीच्या मागे उघडणाऱ्या फाळक्यापर्यंत रिकाम्या हाताने चालून यावे. या फेरीत दारांची रुंदी, जिन्याची वळणे, कठड्याची मजबुती, ओल्या फरश्या, खाली लोंबणाऱ्या वायरी, गटाराची उघडी झाकणे आणि गाडी उभी असलेल्या जागेचा उतार पाहायचा असतो. गावभागातील जुन्या वाड्यांत लाकडी जिना इतका उभा आणि अरुंद असतो की धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर असतो, आणि चौकट इतकी बुटकी असते की ओझ्याकडे लक्ष असलेल्या माणसाचे कपाळ हमखास आपटते. अशा चौकटीला फेरीच्या वेळीच रंगीत कापड बांधून ठेवावे. माळ्यावरच्या फळ्या कुजलेल्या नाहीत ना, हे एकाने हलक्या पावलाने तपासावे आणि तोवर दुसऱ्याने वर चढू नये.

विश्रामबागेसारख्या भागातील इमारतींत लिफ्ट असते, पण तिचा हिशेब वेगळा आहे. लिफ्टमधील पाटीवर माणसांची संख्या आणि किलो दोन्ही लिहिलेले असतात. आपल्याकडे एका माणसाचे वजन ६८ किलो धरतात, म्हणून चार माणसांच्या लिफ्टवर २७२ किलो आणि सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो असे आकडे दिसतात. कपाट आत घालून बरोबर तीन माणसे उभी राहिली की चार माणसांच्या लिफ्टची मर्यादा ओलांडलीच असे समजावे. अवजड नगाबरोबर एकच माणूस जावा, तोही नगाच्या आणि भिंतीच्या सापटीत न अडकता दाराच्या बाजूला उभा राहावा. लिफ्टचे दार उघडे राहावे म्हणून त्यात खोके अडकवण्याची पद्धत सर्रास आहे; ती बंद करावी, कारण बिघडलेल्या दारामुळे पुढचे सारे सामान जिन्याने न्यावे लागते आणि दमलेल्या टोळीच्या हातूनच अपघात घडतात.

दुसरी पायरी: पाय आणि हात

चप्पल घालून हे काम करू नये. वाक्य छोटे आहे, पण सर्वांत कमी पाळले जाते. बोटे झाकणारा, तळ न घसरणारा बूट हवा. पुढे पोलादी टोपी असलेला सुरक्षा बूट मिळाला तर उत्तम. हातमोजे तळहाताकडून रबराचा थर असलेले घ्यावेत, कारण नुसते सुती मोजे काचेवर आणि सनमायकावर घसरतात. अंगठी, हातातले कडे, गळ्यातली लांब माळ आणि सैल उपरणे काम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावे. कमरेचा पट्टा बांधायचा असल्यास जरूर बांधावा, परंतु पट्टा बांधला म्हणून अधिक वजन पेलता येते हा समज मनातून काढून टाकावा.

तिसरी पायरी: वजनाचा अंदाज

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली होती. ती मर्यादा आहे, रोजचे लक्ष्य नव्हे. ब्रिटनमधील कार्यस्थळ सुरक्षा यंत्रणेचे मार्गदर्शन याहून उपयोगी पडते, कारण त्यात ओझे शरीरापासून किती लांब आणि किती उंच धरले आहे याचा विचार आहे. कमरेच्या उंचीवर अंगालगत धरलेले ओझे पुरुषासाठी २५ किलोपर्यंत ठीक मानले जाते. तेच हात लांब करून धरले तर आकडा १५ वर येतो, आणि डोक्याच्या उंचीवर हात लांब असताना तो केवळ ५ किलो उरतो. स्त्रियांसाठीचे आकडे याहून कमी आहेत. माळ्यावरून उतरवलेली हलकी वाटणारी पितळी भांड्यांची पेटी मान आणि खांदा का धरून ठेवते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

वजन डोळ्यांनी कळत नाही. दीड फूट लांब, रुंद आणि उंच खोके पुस्तकांनी गच्च भरले तर ते पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि त्याच आकाराच्या खोक्यात उशा भरल्या तर ते एका हाताने उचलता येते. म्हणून पुस्तके, भांडी आणि हत्यारे लहान खोक्यांत भरावीत, मोठी खोकी कपड्यांसाठी ठेवावीत आणि जड खोक्याच्या दोन बाजूंवर मार्करने ‘जड’ असे ठळक लिहावे. न लिहिलेले खोके उचलण्यापूर्वी पायाने किंचित सरकवून पाहावे. सरकत नसेल तर दुसऱ्याला हाक मारावी. हाक मारण्यात कमीपणा नाही. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात आपली ताकद दाखवायची असते, आणि जुनी माणसेही त्याला थोडे चढवतात. हा खेळ मुकादमाने तिथल्या तिथे थांबवला पाहिजे.

उचलताना पाय खांद्याइतके फाकवून एक पाऊल थोडे पुढे ठेवावे, गुडघे आणि कंबरेचा खुबा वाकवून खाली जावे, ओझे पोटाशी ओढून घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. कंबरेत उसण भरते ती बहुधा उचलताना नव्हे, तर उचललेले ओझे बाजूला ठेवण्यासाठी पाय न हलवता कमरेतून वळल्यामुळे. वळायचे असेल तेव्हा आधी पावले वळवावीत.

चौथी पायरी: कपाट आणि जिना

पोलादी कपाट हा नग नव्या माणसाने नीट समजून घ्यावा, कारण बाकीचे बरेचसे त्यातून कळते. कपाट आधी पूर्ण रिकामे करावे. ‘आत फक्त साड्याच आहेत’ असे घरमालकीणबाईंनी सांगितले तरी काढायला लावावे, आणि दागिने व कागदपत्रे त्यांनी स्वतः काढून स्वतःजवळ ठेवावीत, म्हणजे पुढचा वादही टळतो. निघणारे खण आणि कप्पे बाहेर काढावेत. दार किल्लीने बंद करून किल्ली मालकांच्या हाती द्यावी आणि दोराने कपाटाला वर व खाली असे दोन वेढे घालावेत, कारण अर्ध्या जिन्यात उघडलेले दार खालच्या माणसाच्या थेट तोंडावर येते. पत्र्याच्या खालच्या कडा धारदार असतात. तिथे गोणपाटाची घडी किंवा जाड पुठ्ठा बांधावा. लॉकर ज्या भागात असतो तो भाग जड असतो, हे ध्यानात घेऊन आडवे करताना कोणते टोक वर जाणार ते ठरवावे.

जिन्यावर ओझ्याचा मोठा हिस्सा खालच्या माणसावर येतो. म्हणून खाली टोळीतला सर्वांत भक्कम आणि सराईत माणूस असावा. नव्या मुलाला तिथे कधीही उभे करू नये. दोघांच्या उंचीत फार फरक नसावा. तिसऱ्या माणसाने ओझ्याला हात न लावता खालच्याच्या मागे एक-दोन पायऱ्या खाली, पण कडेला राहून चालावे आणि ‘दोन पायऱ्या राहिल्या’, ‘डावीकडे वळण’, ‘सपाट आले’ असे सांगत राहावे. शब्द एकाचेच चालावेत, आणि ते आधी ठरलेले असावेत: ‘उचल’, ‘थांब’, ‘टेक’. ‘थांब’ हा शब्द मात्र कोणीही उच्चारू शकतो, आणि तो कानावर पडताच कारण न विचारता सर्वांनी थांबायचे असते. वरच्याने ‘हं’ म्हटले म्हणून खालच्याने पाऊल टाकले, आणि वरच्याचे ‘हं’ तर घरमालकाच्या प्रश्नाला होते, असे प्रकार घडतात. काम चालू असताना मोबाइलवर बोलणारा माणूस जिन्यात नको, मग तो घरमालक असला तरी.

ओझे निसटू लागले तर ते सावरण्याचा प्रयत्न करू नये. वरच्याने मोठ्याने ओरडावे, खालच्याने भिंतीकडे किंवा जिन्याच्या चौकाकडे बाजूला व्हावे आणि कपाट जाऊ द्यावे. पत्र्याला पोचा आला तर तो सरळ करून मिळतो. ही गोष्ट मुकादमाने नव्या मुलांना काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे, कारण नुकसान पगारातून कापले जाईल या भीतीने मुले ओझ्याखाली उभी राहतात. जो ठेकेदार अशी कपात करतो, तो स्वतःच अपघाताला आमंत्रण देतो.

गॅलरीतून दोराने सोफा उतरवण्याचा धंद्यात मोठा मान आहे आणि खाली बघ्यांची गर्दीही जमते. गॅलरीचा कठडा अशा वजनासाठी बांधलेला नसतो, जुन्या दोराची ताकद कोणालाच माहीत नसते आणि खालून वीजवाहिनी जात असते. सोफा उलगडता येत असेल तर सुताराला बोलावून तो उलगडावा. येत नसेल तर दोराच्या कामाची साधने आणि सराव असलेल्या माणसांकडेच ते काम द्यावे. नव्या मुलांनी त्या वेळी दोराच्या खाली तर नाहीच, पण आसपासही थांबू नये.

पाचवी पायरी: ज्या वस्तूंत धोका दडलेला असतो

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन साधारण १५ ते १६ किलो असते, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. रेग्युलेटर काढून झडपेवर टोपी बसवावी, सिलिंडर उभाच ठेवावा, तो जमिनीवरून लोळवत नेऊ नये आणि बंद हौद्याच्या टेम्पोत गाद्यांबरोबर कधीही भरू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचून राहतो. शक्य असल्यास ग्राहकाला सिलिंडर वितरकाकडे जमा करून नव्या पत्त्यावर घ्यायला सांगावे. वास आला तर बटणे चालू-बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

इन्व्हर्टरची बॅटरी याहून फसवी असते. आकाराने ती लहान दिसते, पण मोठी बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते, आणि तिच्यात गंधकाम्ल असते. ती घरच्या इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्यावी. दोन्ही टोकांना चिकटपट्टी किंवा रबरी टोप्या लावाव्यात, कारण पाना किंवा हातातले कडे दोन्ही टोकांना एकदम टेकले तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. बॅटरी दोघांनी, तिच्या कड्यांना धरून, उभीच न्यावी. ती कलंडली तर झाकणांच्या भोकांतून आम्ल गळते. गळलेले आम्ल पाण्यासारखेच दिसते आणि पॅन्टला भोके पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. कातडीवर उडाले तर नळाखाली वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले तर तसेच धूत राहून ताबडतोब दवाखाना गाठावा.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवावा आणि शक्यतो उभाच न्यावा. पुढून कपडे घालण्याच्या वॉशिंग मशीनला ड्रम बांधणारे बोल्ट असतात. ते लावले नाहीत तर ड्रम हलून मशीन अचानक एका बाजूला झुकते. एसी काढण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे. काचेचे टेबल उभे न्यावे, आडवे कधीही नाही.

गाडी भरताना

गाडी उतारावर उभी असेल तर हँडब्रेकवर भरवसा न ठेवता मागच्या चाकाला लाकडाची उटी लावावी. फाळक्याला लावलेली फळी रुंद, न वाकणारी आणि वरच्या टोकाला दोराने बांधलेली असावी. ती पावसात निसरडी होते म्हणून तिच्यावर गोणपाट टाकावे. जड नग खाली आणि चालकाच्या केबिनलगत, हलके वर, आणि प्रत्येक थर दोराने बांधून मगच पुढचा थर लावावा. पुण्याकडे जाताना पेठ नाक्यावरून महामार्गाला लागल्यावर खंबाटकीच्या परिसरात उतार आणि वळणे येतात. सांगलीच्या सपाट रस्त्यावर जागचे न हललेले सामान तिथे सरकते. म्हणून कराडला किंवा साताऱ्याला चहासाठी थांबताना दोर पुन्हा ताणून पाहावेत.

हौद्यात सामानावर बसून जाण्याची सवय घातक आहे. अचानक ब्रेक लागला तर माणूस सामानाखाली येतो, आणि मालवाहू गाडीतून अशा प्रवासात अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकण्याची शक्यता मोठी असते. केबिनमध्ये जितक्या जागा आहेत तितकीच माणसे गाडीतून जावीत. बाकीची एसटीने जावीत आणि त्यांचे तिकीट ठेकेदाराने द्यावे. ठेकेदारांनी हेही लक्षात घ्यावे की मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी आणि हौद्याबाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपयांचा दंड आहे. पोहोचल्यावर फाळका उघडताना समोर उभे राहू नये. वाटेत सरकलेले सामान दाराला टेकलेले असते.

एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी लागते आणि घरे हलवण्याची गर्दी होते, नेमके तेव्हाच इथे पारा चाळिशीला भिडतो. जड नग सकाळी दहाच्या आत काढावेत, दुपारी खोलीतले बांधाबांधीचे काम करावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, घाम फार जात असेल तर ओआरएस घ्यावे. एखादा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

पुराच्या दिवसांतले काम

हे काम इतर शहरांतल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही, पण सांगलीत ते दर काही वर्षांनी येते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांतून पाणी चढू लागले की एकाच रात्री शेकडो घरांचे फोन येतात आणि टोळ्या झोप न घेता राबतात. अशा वेळी काम नाकारणे अवघड असते, म्हणून नियम आधीच ठरलेला असावा: पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वी जेवढे निघेल तेवढे काढायचे, पाणी घरात शिरल्यावर फक्त माणसे, कागदपत्रे आणि औषधे काढायची. गुडघाभर वाहत्या पाण्यात ओझे घेऊन उतरायचे नाही, कारण गढूळ पाण्याखालचे उघडे चेंबर दिसत नाही आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. घरात पाऊल टाकण्यापूर्वी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी. मीटरच पाण्यात असेल तर वीज मंडळाने पुरवठा तोडेपर्यंत आत जाऊ नये.

पूर ओसरल्यानंतरचे काम अधिक घाण आणि अधिक फसवे असते. पाणी प्यायलेली कापसाची गादी दोघांना हलत नाही, फुगलेल्या प्लायवूडचे कपाट धरल्या जागी मोडते आणि चिखलात काचा, खिळे असतात. आडोशाला साप बसलेला असतो, म्हणून कोणतीही वस्तू आधी काठीने हलवावी. गमबूट आणि रबरी मोजे घातल्याशिवाय आत जाऊ नये. पायाला जखम असलेल्या मुलाला या कामावर घेऊच नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शरीरात जातो. काम सुरू होण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि पुढील काही आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे असे काही झाले तर पुराच्या पाण्यात काम केल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

इजा झाल्यास आणि होण्यापूर्वी

गाडीत प्रथमोपचाराची पेटी असावी आणि ती आसनाखाली दाबून न ठेवता हाताला लागेल अशी असावी. खिळा किंवा पत्रा लागला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. कंबरेत चमक निघाल्यावर मालिश करून पुन्हा ओझे घेण्यापेक्षा त्या दिवशी काम सोडावे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आल्यास डॉक्टरांना दाखवावे. अपघाताची वेळ, जागा आणि साक्षीदार मुकादमाने त्याच दिवशी वहीत लिहावेत, कारण नुकसानभरपाईचा प्रश्न आला की तोंडी सांगितलेले टिकत नाही.

हमालांच्या हक्कांचा इतिहास या भागाला परका नाही. मुंबईतील माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे होते, आणि त्या चळवळीतून महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा झाला. नोंदीत माथाडीची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळते आणि मालकाकडून मजुरीवर घेतलेल्या जादा आकारातून, म्हणजे लेव्हीतून, भविष्य निर्वाह निधी व इतर लाभ दिले जातात. पॅकर्सकडे रोजंदारीवर येणारी मुले मात्र बहुधा अशा नोंदणीत नसतात. त्यांनी निदान दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात कराव्यात: असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी, आणि बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज. ही योजना १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारांसाठी आहे, तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख, तर अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे पाहून ठेवावे.